निमोण्याच्या उसातला भोंगा

शबानाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका पेमेंटच्या बटणाशी भांडत होते. माझा धंदाच तो. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर मी वापरून, वाकवून, मोडून बघते आणि कुठं मोडलं ते त्यांना सांगते. शबाना माझी होस्टेलमधली जोडीदारीण. आता शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात तिचं सासर आहे आणि जवळच्याच एका शाळेत ती शिकवते.

"वर्षा, तू मशिनं तपासतेस ना? आमच्या वस्तीवर एक आलंय. उसातून बिबट्या निघाला की कॅमेऱ्याला दिसतो आणि भोंगा वाजतो."

"चांगलं आहे की मग!"

"बकरी दिसली तरी वाजतो. ट्रॅक्टर दिसला तरी वाजतो. काल माझ्या सासऱ्यांना बघून वाजला. तू ये."

शनिवारी सकाळी गाडी काढली. निमोण्याला जायचा सरधोपट रस्ता नगर रोडचा, पण वाघोलीच्या कोंडीत सकाळ घालवायची हौस नव्हती. शिवाय दौंड तालुक्यातला ताजा गूळ हवा होता. म्हणून सोलापूर रोडने यवत, भांडगाव, चौफुला, तिथून डावीकडे वळून केडगाव, पारगाव, न्हावरे आणि निमोणे, असा बेत केला. तुम्हीही जाताना इकडून जा. रस्ता बरा आहे, आणि थांबत थांबत गेलात तरी दुपारच्या जेवणाला पोचता.

फक्त फोनच्या नकाशावर विसंबू नका. भांडगावच्या अलीकडे नकाशात बोलणाऱ्या बाईने अतिशय आत्मविश्वासाने मला डावीकडे वळायला सांगितलं. डांबरी रस्त्याची कच्ची वाट झाली, वाटेचा बांध झाला, आणि बांध एका पाटाच्या कडेला संपला. "तुम्ही पोचला आहात," बाई म्हणाली. समोर कांद्याचं रान. पाण्याची पाळी देणाऱ्या आजोबांनी फावडं टेकवून माझ्याकडं पाहिलं.

"फोननं धाडलं न्हवं?"

"हो. गुऱ्हाळ शोधत होते."

"गुऱ्हाळ तकडं, हायवेच्या पल्याड. रोज कोन ना कोन येतंय. परवा नवरदेवाची गाडी आलती."

माझी चिडचिड इथंच सुरू झाली. चुकणं मला समजतं, चुका शोधण्यावर तर माझं पोट आहे. पण ज्याला माहीत नाही त्याने "माहीत नाही" म्हणावं! गावातला माणूस चुकीचा रस्ता सांगताना निदान डोकं तरी खाजवतो. ही बाई पाटात नेऊन घालते आणि वर पोचल्याचं अभिनंदन करते.

गुऱ्हाळ सापडलं ते धुराच्या रेघेवरून. कढईत काकवी रटरटत होती आणि बिहारकडचा एक कामगार मला बजावत होता, "मॅडम, पीछे, पीछे. छींटा उड़ता है." पुण्यापेक्षा किलोमागं दहा-पंधरा रुपये कमीच पडले. गरम गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि नकाशाच्या बाईला तात्पुरतं माफ केलं. चौफुल्याला मिसळ खाल्ली, तर्री मागून घेतली. पारगावला भीमेच्या पुलावर गाडी हळू केली. पाणी भरपूर होतं, आणि दोन्ही काठांना ऊस इतका दाट की आत माणूस शिरला तर बाहेरून कळू नये. आपण गाडीतून "काय हिरवंगार!" म्हणतो. तिथं राहणाऱ्यांना त्या हिरव्यात काय आहे ते रोज आठवतं.

शबानाचं घर गावाबाहेर वस्तीवर आहे. घर, गोठा, घराच्या मागं जनावरांसाठी लावलेल्या घासाचा पट्टा, आणि पट्ट्याला लागून ऊस. तिचे सासरे हमीदचाचा पाहुण्यासाठी खुर्ची पुसत होते. सासू, जिला सगळी वस्ती अम्मा म्हणते, तिने जेवल्याशिवाय यंत्राकडं बघू दिलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि लसणाचा ठेचा. पुण्यात पैसे देऊन मिळत नाही.

मग आम्ही खांबाकडं गेलो. वर सोलरची पाटी, कॅमेरा, लाल दिवा आणि कर्ण्यासारखं तोंड असलेला भोंगा. खाली फलक होता: 'अंतराळ तंत्रज्ञानावर आधारित कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणाली'. कुठल्याशा कारखान्याच्या निधीतून पुण्याच्या एका कंपनीने ते बसवलं होतं. उद्घाटनाला मंडप होता, फेटे होते, पेढे होते. त्यानंतर कंपनीचं कुणी फिरकलं नव्हतं.

"आंतराळातलं हाय म्हंत्यात," चाचा म्हणाले.

तेवढ्यात भोंगा वाजला. कानठळ्या बसल्या. मी दचकून मागं सरले, पण चाचा हलले नाहीत. घासाच्या कडेने त्यांची पाठीवर ठिपके असलेली शेळी चालली होती.

"चाचा, अंतराळात शेळ्या नसतात. तिथं याचं छान चालत असेल."

चाचा हसले नाहीत. "चंद्रावर आपलं यान उतरलं, तवा आमी सगळी शाळंत टीव्हीम्होरं बसलो व्हतो. मी रडलो, खोटं न्हाई सांगत. तितं उतरवता येतं आन् हितं शेळी आन् बिबट्या वळखंना? ह्ये कसं काय?"

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर मला लाज आणणारं होतं. मी सांगितलं, आधीचं यान चंद्रावर आपटलं तेव्हा ते साऱ्या देशाने पाहिलं. काय चुकलं ते शोधलं, बदललं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग दुसरं पाठवलं. तुमच्या खांबाबाबत फलक रंगवला आणि तपासणी राहून गेली. अंतराळातून त्यांनी फक्त शब्द आणलाय.

"म्हंजी आमी तपासायचं व्हय?"

"हो चाचा. तुमच्या जिवावर."

दुपारभर मी माझ्या सवयीने ते यंत्र पाहत बसले. ट्रॅक्टरला वाजलं. शेजारच्या सुनीताताई पिवळी ओढणी डोक्याला बांधून गेल्या, त्यांना वाजलं. वाऱ्याने ऊस हलला, वाजलं. शबाना म्हणाली, पहिल्या आठवड्यात लोक काठ्या घेऊन धावायचे. मग नुसते दारात यायचे. आता टीव्हीचा आवाज वाढवतात. बंद करायचं बटण कंपनीच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरवर. आवाज कमी करायला चाचांनी भोंग्याला पोतं बांधलं होतं, तर 'प्रणालीशी छेडछाड' केल्याबद्दल कंपनीचा फोन आला. पोतं तेवढं त्यांना बरोबर दिसलं!

सूर्य टेकला तेव्हा आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. अम्मा घराच्या मागं घास कापत होती, शेजारी करडू होतं. भोंगा वाजला.

"आली बया शेळी," चाचा म्हणाले. शबानाने कपातली साय काढली. मीही उठले नाही. दुपारपासून ऐकून ऐकून माझेही कान सरावले होते, एवढा वेळ पुरला.

मग अम्माची किंकाळी आली.

शबाना दाराआडची काठी घेऊन धावली, चाचा तिच्यामागं. मी गाडीकडं पळाले आणि हॉर्न दाबून धरला, दुसरं काही सुचलंच नाही. घराला वळसा घालून गाडी नेली तेव्हा दिव्यांच्या उजेडात तो दिसला. वाटला होता त्यापेक्षा लांब आणि सडपातळ. करडू त्याच्या तोंडात होतं, करडाच्या गळ्यातलं दावं ताणलेलं होतं, आणि दाव्याचं दुसरं टोक अम्माच्या मनगटाला गुंडाळलेलं. ती पालथी पडून फरपटत होती आणि दावं सोडत नव्हती. शबानाने ओरडत काठी जमिनीवर आपटली. दावं तुटलं. ऊस एकदा सळसळला आणि तो आत गेला.

भोंगा अजून वाजतच होता.

अम्माला गाडीत घालून शिरूरला नेलं. शबाना मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मला नीट चालव म्हणत होती. मनगटाचं हाड मोडलं होतं, कोपर सोलून निघालं होतं. बिबट्याची नखं मात्र लागली नव्हती. प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "आजी, दावं सोडून द्यायचं ना!"

"तुमी सोडलं असतं का? पाजून वाढवलेलं लेकरू त्ये," अम्मा म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली.

रविवारी सकाळी मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी एका यंत्राने भाषा विचारली, मग बासरी ऐकवली, मग एक तरुण आला. पदाचं नाव 'कस्टमर सक्सेस मॅनेजर'.

"हो मॅडम, कालची नोंद आहे आमच्याकडं. सिस्टिमने बिबट्या अचूक ओळखला. वेळेत अलर्ट गेला."

"अहो, बाईचा हात मोडलाय."

"वाईट वाटलं ऐकून. पण अलर्ट आल्यावर त्यांनी सुरक्षित ठिकाणी जायला हवं होतं."

"त्याआधी दिवसभर शेळी, ट्रॅक्टर आणि ओढणीला किती वेळा वाजला, ते दिसतंय का तुमच्याकडं?"

"खोटे अलर्ट सिस्टिम मोजत नाही, मॅडम. कुणी ॲपमधून कळवलं तरच."

"अम्माच्या फोनमध्ये ॲप नाही. तिचा फोन बटणांचा आहे."

"मग तुमचा फीडबॅक मी पुढं पाठवतो."

फोन ठेवते तोच शबानाने स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला. कंपनीच्या पानावर कॅमेऱ्यातला कालचा बिबट्या, वर ठळक अक्षरं: 'निमोणे येथे यशस्वी इशारा!' आणि शेजारी उडणारं रॉकेट. चित्र कापताना अम्मा चौकटीबाहेर गेली होती. लोकांनी खाली टाळ्या ठेवल्या होत्या.

संताप झाला. अजून होतोय. खोटं बोलणारा भोंगा मुका असता तर परवडलं असतं. भोंगा नव्हता तेव्हा ही माणसं कुत्र्याच्या भुंकण्यावर उठायची, पाखरं गप्प झाली तरी उठायची. या यंत्राने त्यांचं ते उठणंच काढून घेतलं, आणि वर स्वतःला यशस्वी म्हणवून घेतलं.

परतताना नगर रोड धरला. रांजणगावपर्यंत गाडी बरी चालली, शिक्रापूरपासून मुंगीच्या पावलाने, वाघोलीत तर नुसती उभी. रविवारी संध्याकाळी या वाटेने येऊ नका. आणि ज्या कुणाला ही भटकंती करायची आहे त्यांना एक कळकळीची विनंती: या भागात दिवस मावळताना उसाच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढू नका. वस्तीवरचं कुणी "आत या" म्हणालं तर आत जा.

घरी येऊन गूळ डब्यात भरला आणि मला येतं ते एकच काम केलं. रीतसर दोष-अहवाल लिहिला. काय घडलं, काय घडायला हवं होतं, पुन्हा कसं घडवून पाहता येईल. शेवटी लिहिलं, 'हे घरबसल्या कळणार नाही. संध्याकाळी तिथं जाऊन बसा.' कंपनीला पाठवला, कारखान्याला पाठवला, ग्रामपंचायतीला पाठवला. उत्तराची आशा नव्हती.

गुरुवारी शबानाचा फोन आला. कंपनीचा इंजिनियर आला होता. फोनवर बासरीनंतर येणारा नव्हे, प्रोग्राम लिहिणारा. भला पोरगा होता, म्हणाली. दुपारभर लॅपटॉप घेऊन खांबाखाली बसला, ऊन लागलं तरी हलला नाही. संध्याकाळी अम्माने प्लॅस्टरच्या हाताने त्याला ओट्यावर बोलावलं आणि चहा दिला. चहा गरम होता, तो फुंकर घालत होता. तेवढ्यात भोंगा वाजला.

पोरगा फुंकर घालतच राहिला.

"वाजतोय न्हवं," अम्मा म्हणाली.

"शेळी असेल आजी."

"मी बी त्येच म्हनले व्हते, बाबा."

शबाना सांगत होती, त्याने कप खाली ठेवला, उसाकडं एकदा बघितलं, आणि भोंगा उतरवायला चाचांकडं शिडी मागितली.