टक् झाल्यानंतरचा फोटो

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला आणि नेहमीसारखी ओरडले, बोल गं वैशाली, भाकरी करतेय. पलीकडून माझी भाची म्हणाली, आत्या, अण्णांनी सकाळी चहा घेतला, गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले आणि तसेच बसून राहिले. लातूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मला राग आला होता. आठच दिवसांपूर्वी मी त्याला भेटून आले होते आणि तेव्हा त्यानं माझ्याकडं एक गोष्ट मागितली होती. मी नाही म्हटलं होतं. आता नाही म्हटलं म्हणून कुणी लगेच उठून निघून जातं का?

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तात्रय. आम्ही मूळचे देगलूरचे. त्यानं पंचवीस वर्षांचा व्हायच्या आत नांदेडला फोटो स्टुडिओ टाकला आणि शेवटपर्यंत तोच चालवला. लग्नाचे फोटो काढणारे नांदेडात पैशाला पासरी, पण अण्णाची ओळख वेगळी होती. "ते चेहऱ्यावर हात फिरवत न्हाईत ते" असं लोक त्याच्याबद्दल सांगत. हात फिरवणं म्हणजे फोटोतला डाग, वांग, सुरकुती पुसून माणूस गुळगुळीत करणं. पूर्वी ते पेन्सिलीनं व्हायचं, आता कॉम्प्युटरवर होतं. अण्णा ते करत नसे. विक्षिप्तपणा आहे झालं, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. त्यामागं काय आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा तोंड कुठं लपवावं असं झालं.

मी सहा वर्षांची असताना बंबाचं उकळतं पाणी माझ्या अंगावर सांडलं. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत डाग राहिला. पुढं विसाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि पाहुण्यांकडं पाठवायला फोटो हवा झाला. अण्णाचा स्टुडिओ तेव्हा अगदी नवा होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, चार वेळा मान सरळ केली. नंतर दोन दिवस बसून निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम केलं. फोटो हातात आला तर माझा गाल कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ. खोटं कशाला सांगू, मला तो फोटो फार आवडला होता. कपाटाच्या आड उभी राहून मी तो पुन्हा पुन्हा बघायचे. तो फोटो औशाच्या एका घरी गेला, त्यांना पसंत पडला आणि पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं पर्समधून फोटो काढला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं. पोह्यांच्या बशीला हातही न लावता ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय व्हय?" आणि सगळे उठले. अण्णा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याला बाजूला सरकावून ते पायऱ्या उतरले. त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं की पुन्हा माझ्यासमोर कॅमेरा आणायचा नाही. त्यानं नुसती मान हलवली.

हट्टीपणा आमच्या घरात वारसाहक्कानं येतो. पंचेचाळीस वर्षं मी शब्द पाळला. दोन वर्षांनी यांचं स्थळ आलं, तेव्हा यांनी फोटो मागितलाच नाही, मीच येतो म्हणाले, आले आणि हो म्हणून गेले. लग्नात फोटो काढायला अण्णानं दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं, आणि मी पदर डावीकडून असा काही ओढून घेतला होता की अल्बममध्ये अर्धी नवरी आहे. त्यानंतर शाळेतल्या निरोपसमारंभात, मुलांच्या लग्नात, सगळीकडं मी फोटोच्या डाव्या टोकाला उभी राहायचे आणि मान आत वळवायचे. माझा एकही फोटो डावीकडून निघालेला नव्हता, हे माझ्या मुलांच्याही कधी लक्षात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी अण्णानं नवा कॅमेरा घेतला. तेव्हा तो पासष्टचा होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, उजवा हात जरासा थरथरायला लागलेला. सगळ्यांना वाटत होतं की आता हा दुकान लेकीवर, वैशालीवर सोपवून घरी बसेल. तर यानं घेतला फुल फ्रेम मिररलेस. वैशालीनं मला फोनवर ते अशा आवाजात सांगितलं, जसं काही वडील घर सोडून हिमालयात गेलेत. मी त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून गेले. हा मांडीवर पंचा अंथरून त्यावर कॅमेरा ठेवून बसला होता, आणि समोर नांदेडातले तीन जुने फोटोग्राफर चहा गार होऊ देत बघत होते. एकजण म्हणाला, एवढासाच? लग्नघरात कॅमेरा दणकट दिसला की फोटोग्राफरला मान मिळतो, असा त्यांचा अनुभव. दुसऱ्याला त्यात आरसा नाही हे पटेना. आरसा नाही तर मग बघायचं कशात? अण्णा लहान मुलाला शिकवावं तसं सांगत होता. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, बटण दाबलं की तो वर उडतो, त्याचाच तो खट् आवाज. यात आरसाच नाही, म्हणून अंग लहान आणि आवाजही नाही. फोटो जसा येणार तसाच आधी डोळ्याला दिसतो. आणि आतला सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा, पुरा. मधली पंधरा वर्षं डिजिटलच्या नावाखाली आपण खिडकीची एक झडप बंद करून बाहेर बघत होतो, असं तो म्हणाला. आता दोन्ही झडपा उघडल्या.

ते गेल्यावर त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. समोरून नाही, मागून. आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्याच्या त्या बाजूला होते. डोळा लावला तर समोर वैशाली, आणि तिच्या डोळ्यावर एक चिमुकला चौकोन. ती वळली, चौकोन वळला. ती पडद्याआड गेली, चौकोन हरवला, आणि ती बाहेर आल्याबरोबर जाऊन पुन्हा डोळ्यावरच बसला. माझ्या अंगावर काटा आला. मी विज्ञान शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवलेली बाई, मला हे सहज समजायला हवं. समजतही होतं. तरी ते यंत्र खोलीतल्या सगळ्या वस्तू सोडून माणसाचा डोळाच शोधतंय, हे पाहून मी वैशालीला पुन्हा पडद्याआड जायला सांगितलं.

"चाळीस वर्षं मी डोळाच शोधून राहिलो, शके," अण्णा म्हणाला. "हे आपल्या आधी शोधतंय."

मी विचारलं, मग आता तुझं काय काम? तो म्हणाला, "कधी दाबायचं, तेवढं."

मग त्यानं आपला थरथरता हात लांब करून देवघरातल्या समईचा फोटो काढला, फ्लॅश न लावता. आतला सेन्सर हाताच्या उलट हलून थरथर पुसून टाकतो म्हणे. फोटोत वात स्थिर, तेलाच्या कडेवरचा उजेडही स्थिर. अण्णानं फोटो पाहिला आणि मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडं पाहत राहिला. एरवी त्याला कॅमेऱ्याचे दोषही तोंडपाठ होते. बॅटरी खादाड, म्हणून खिशात कायम तीन. लेन्स बदलताना धूळ बसते. आणि आमच्याकडच्या मे महिन्यात, हळदीच्या मांडवात, कॅमेरा तापून चक्क बंद पडायचा. अण्णा त्याच्यावर ओला रुमाल धरून, ताप आलेल्या लेकरापाशी बसावं तसा सावलीत बसायचा.

खरी पंचाईत झाली ती अर्धापूरच्या एका लग्नात. केळीच्या बागा असलेलं मोठं घर, भाऊबंद भरपूर. घरातली वडीलधारी मंडळी फोटोसाठी ओळीत ताठ उभी राहिली. अण्णानं फोटो काढले, मान हलवली आणि दुसरीकडं वळला. पण मंडळी जागची हलेनात. आवाजच आला नव्हता ना. नवऱ्या मुलाचे आजोबा म्हणाले, "आवाज आल्याबिगर फोटो निघतोय व्हय? मिशीन बिघडलंय तुमचं." पुन्हा काढला, तरी ओळ तशीच, श्वास रोखून. पाठीमागं जेवणाच्या पंगतीचा खोळंबा. वैशालीनं सांगितलं की मेनूत जाऊन आवाज चालू करता येतो. अण्णानं तसं केलं नाही. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि जिभेनं टाळूवर मोठ्यानं टक् केलं. झालं, ओळ सुटली. आजोबांनी फेटा सैल केला, आजींनी त्यांच्याकडं पाहून काहीतरी खोडी काढली, आजोबा हसले... आणि कॅमेरा अजून अण्णाच्या डोळ्यालाच होता. त्यानं तेव्हा बटण दाबलं.

त्या दिवसापासून ती त्याची रीतच झाली. आधी तोंडानं टक्, आणि माणसं फोटो संपला म्हणून मोकळी झाली की मुकाट्यानं खरा फोटो. मी तो अर्धापूरचा अल्बम पाहिला आहे. आजींच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, आणि त्या सगळ्या रेघा मिळून हसताहेत. फोटो या प्रकाराशी माझं वाकडं. तरी ते पान मी उलटू शकले नाही. पुढं ते आजोबा वारले तेव्हा घरच्यांनी मोठा करून भिंतीवर लावला तो हाच, टक् झाल्यानंतरचा.

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. एका नवरीच्या आईनं अल्बम परत आणून टेबलावर आपटला. एवढ्या सुरकुत्या कशाला दाखवल्या, जरा गुळगुळीत करून द्या. अण्णा नाही म्हणाला आणि पुढची दोन लग्नं हातची गेली. मी तेव्हा तिथंच होते. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणतंय तर फिरव की जरा हात, तुझं काय जातंय? त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो आत गेला. वैशालीनं मला स्वयंपाकघरात नेलं. आत्या, तुम्हाला खरंच माहीत नाही? औशाचे पाहुणे उठून गेले त्या रात्री अण्णांनी सगळ्या पेन्सिली मोडून चुलीत घातल्या, आजी सांगायची. तेव्हापासून कुणाच्याच चेहऱ्यावर हात फिरवला नाही. मी रुसले होते, पण माझ्या रुसण्याची मला काही झळ लागली नव्हती. तो मात्र रोज दुकान उघडून ते निस्तरत होता.

एवढं कळूनही मी सुधारले नाही. शेवटच्या भेटीत दुपारी चारच्या सुमारास आम्ही गॅलरीत बसलो होतो. उन्हं तिरपी झाली होती. तो म्हणाला, "शके, एक फोटो काढू दे. डाव्या अंगानं." मी म्हटलं, मी मेल्यावर काढ. तो म्हणाला, "तवा मला कुठला टाइम." मी हसले, पण नाही ते नाहीच. का, ते आजही सांगता येत नाही. सवय झाली होती नाही म्हणायची. "बरं," म्हणून त्यानं कॅमेरा मांडीवर ठेवला, आणि लहानपणी चिडवायचा तसं तोंड करून जिभेनं टक् केलं. मी म्हटलं, हां, आता तोंडानंच काढ फोटो, आणि खळखळून हसले. मग चहा झाला, मी एसटी गाठली.

दहावा झाल्यावर वैशालीनं कॅमेरा माझ्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, यातला शेवटचा बघा. मागचा पडदा उजळला आणि त्यात मी होते. डावीकडून. मांडीवरून, पडदा वर वळवून, आवाज न करता त्यानं काढला होता. मी दात दाखवून हसतेय, आणि तिरप्या उन्हात कानापासून हनुवटीपर्यंतचा डाग असा उठून आलाय की त्याची प्रत्येक घडी, प्रत्येक कड दिसते. आरशातही मी तो कधी इतका नीट पाहिला नव्हता. आधी रागच आला, विचारलं तेव्हा नाही म्हटलेलं असताना काढलाच ना शेवटी. मग लक्षात आलं, की त्या फोटोतली बाई मला आवडलीय. त्या पहिल्या फोटोतल्या मुलीपेक्षा जास्त. तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

गॅलरीतली खुर्ची अजून तिथंच आहे. कॅमेरा वैशाली वापरते. टक् तिला नीट जमत नाही, जरा ओलसर येतं, पण म्हातारी माणसं तेवढ्यावर खूश होतात आणि मोकळी होतात.

मी अधूनमधून पेपरच्या या पुरवणीसाठी लिहिते, आणि दर वेळी संपादकांनी फोटो मागितला की नाही म्हणते. या वेळी पाठवला. त्यांचा फोन आला, बाई, छापण्याआधी चेहरा जरा साफ करून घेऊ का? मी म्हटलं, नको. त्यावरून हात फिरवू नका. आणि खाली तेवढं लिहा, छायाचित्र : अण्णा.