शिरगावच्या टेबलावरच्या लाल ओळी

आधीच सांगते, घाईत असले तर देवळासमोरून स्कूटर न थांबवता नमस्कार करणारी मी बाई. रत्नागिरीत एकोणीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. मशीन बंद पडतं तेव्हा पार्ट गेलेला असतो, नाहीतर मालकाने काहीतरी करून ठेवलेलं असतं. तिसरं कारण मला माहीत नव्हतं... अजूनही नाही, म्हणून इथे लिहितेय.

शिरगावची ऋतुजा घरून गेम टेस्टिंग करते. म्हणजे कंपनीचे अर्धवट तयार गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधून कळवायच्या. तिच्याकडे गेम दर वीस मिनिटांनी कोसळायला लागला. तिने कळवलं, तर उत्तर आलं — बाकी कुणाकडे होत नाही, दोष तुझ्या मशीनचा. सोमवारपर्यंत ठीक कर, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बस. घरी आई एकटी, गुडघ्यांनी अधू. पुणं म्हणजे नोकरी सोडणंच.

शुक्रवारी मशीन दुकानात आणलं. मेमरी टेस्ट, प्रोसेसरवर पूर्ण ताण, तापमान — सगळं ठीक. तोच गेम चार तास चालला. शनिवारी घरी नेऊन लावलं... अठराव्या मिनिटाला निळा स्क्रीन, म्हणजे अख्खं मशीनच कोसळलं.

मग मी हट्टाला पेटले. पॉवर सप्लाय बदलला. रॅम बदलली. अर्थिंग मोजलं, चांगलं होतं. शेवटी रविवारी सकाळी दुकानातलं माझं स्वतःचं मशीन नेलं, प्रत्येक पार्ट खात्रीचा. ऋतुजाच्या टेबलावर ठेवून मेमरी टेस्ट लावली. चूक सापडली की स्क्रीनवर लाल ओळ येते. इथे ओळींची रांगच लागली! त्याच प्लगवरून लांब वायर घेऊन मशीन माजघरात ठेवलं, तर एकही चूक नाही. परत टेबलावर... परत लाल.

ऋतुजाची आई, सुलभाकाकू, दारातून बघत होत्या.

"पडवी पाडून ही खोली काढली," त्या म्हणाल्या. "जागेवाल्याचा नारळ दर वर्साला हितंच ठेवायचो. दोन वर्सं ऱ्हायला तो."

जागेवाला म्हणजे जागेचा राखणदार. मी म्हटलं, "काकू, नारळाने रॅम सुधारत नाही."

"सुधारत नाय तर नाय. बिघडनार तरी नाय ना? तुमी दोन दिवस काय सुधारलात?"

काकूंनी टेबलापाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, पोरीची भाकरी हितं हाय. चुकलं माकलं पदरात घे, तिला घर सोडायला लावू नको..."

टेस्ट चालूच होती. लाल ओळी येतच होत्या. "बघा," मी म्हटलं.

"बघा काय? गाऱ्हान्याला व्हय म्हाराजा कोन म्हननार, तुमचा कॉम्प्युटर? येकटीनं बोललं तर ती नुसती बडबड झाली!"

ऋतुजा रेंजसाठी अंगणात गेलेली, साहेबांकडे आणखी एक दिवस मागत होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. काकूंनी पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक वाक्याला मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. खोटं कशाला बोलू — लवकर आटपावं म्हणून, आणि चेष्टेच्याच सुरात.

त्यानंतर लाल ओळ आली नाही.

तासभर बसून राहिले. टेस्ट नव्याने लावली... शून्य. ऋतुजाचं मशीन तिथेच जोडलं, त्यात तिची जुनी रॅम आणि जुना पॉवर सप्लाय परत घातला. गेम दिवेलागणीपर्यंत चालला.

सोमवारी, मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी गेम एकदा कोसळला. पण या वेळी तिने कळवल्यावर ऑफिसातल्या दोघांकडेही तो तस्साच कोसळला. गेमचीच चूक, आणि ती हिने पकडलेली. पुण्याचा विषय तिथेच संपला.

खारी हवा, भिंतीतली वायर, मोबाइलचा टॉवर... सगळ्याचा विचार करून झालाय. रविवारचे दोन्ही रिपोर्ट माझ्याकडे आहेत. तेच मशीन, तेच टेबल, तोच प्लग. मध्ये मी एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता. कुणाला कारण कळलं तर जरूर सांगा. फक्त नारळाचं सांगू नका — तो ठेवल्यावरही लाल ओळी येतच होत्या.