चौकशीमास्तरांचा वनवास

सत्तावीस वर्षं बसडेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसून माणसाचं काय होतं, ते चौकशीमास्तरांकडे बघून कळायचं. घरी बायकोनं "आज कुठली भाजी करू?" असं विचारलं, तरी त्यांच्या तोंडून आधी "शेजारच्या खिडकीत विचारा" निघायचं. खिडकीची काच जाड, तिला खाली अर्धगोल भोक. ते भोक इतकं खाली होतं की विचारणाऱ्याला कमरेत वाकावं लागे. त्यामुळे मास्तरांनी आयुष्यभर माणसं पाहिली ती नुसत्या हनुवट्या आणि तोंडं. नोकरीचा त्यांना कंटाळा नव्हता. संताप होता तो एकाच शब्दाचा. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, हे त्यांनी बिनचूक सांगितलं की समोरचं तोंड विचारी, "नक्की ना?" आणि "नक्की" म्हटल्यावरही तो माणूस बाहेर जाऊन दारातल्या बूटपॉलिशवाल्याला तेच विचारून खात्री करून घेई.

दिवसाआड सुटणारी बारा नंबरची गाडी तेवढी कुणी विचारत नसे. ती जंगलाच्या नाक्यापर्यंत जायची आणि तिथून पुढे रस्ताच नव्हता. मास्तर माईकवर तिची घोषणा करताना आवाज जरा खाली आणत. तिथं झाडं असतील, पाणी असेल, आणि मुख्य म्हणजे प्रश्न नसतील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला आणि मंजूर झाल्यावर घरी सांगितलं.

बायको शिलाई मशीनवर होती. शाळांचे गणवेश शिवायचं काम ती पंचवीस वर्षं करत होती. मशीनसमोर एक खिडकी, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत.

"मी जंगलात राहायला चाललो," मास्तर म्हणाले.

"परत कधी येणार?"

"येणारच नाही. कायमचा चाललो."

मशीन थांबलं नाही. "मग उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी सांगते."

मास्तरांना हे भलतंच लागलं. रडारड होईल, समजूत काढतील, अशी त्यांची तयारी होती. पण लेकीनं फोनवर रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं, आणि मेहुणा तर आल्या आल्या म्हणाला, "भाऊजी, बाकी सगळं ठीक, पण तिथं संडास कुठं?" एवढ्यावर घरचा विरोध संपला.

मास्तरांनी मग जोरात खरेदी केली. अकरा पात्यांचा चाकू, रुंद कडांची टोपी आणि वीस मीटर दोर. दोर कशाला, ते त्यांना माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला की जंगलात लागतो.

जायच्या दिवशी ते गाडीत बसले आणि माईकवर नव्या माणसाचा आवाज आला, "बारा नंबर, फलाट तीन." गाडी उभी होती फलाट चारवर. मास्तरांच्या अंगाची लाहीलाही झाली. ते खाली उतरले, तरातरा खिडकीशी गेले, कमरेत वाकले आणि त्या भोकातून नव्या माणसाला झाप झाप झापलं. तेवढ्यात गाडी हलली. संसारत्याग करून निघालेला हा माणूस टोपी धरून गाडीमागे धावत सुटला, आणि कंडक्टरनं दंडाला धरून वर ओढला म्हणून त्याचा त्याग त्या दिवशी पार पडला.

नाक्यापाशी वनखात्याची एक रिकामी झोपडी होती. कंडक्टरच्या ओळखीनं ती महिनाभरासाठी मिळाली. तिथला वनरक्षक चाळिशीतला, एकटा, आणि कित्येक आठवडे माणसाशी न बोललेला. मास्तरांना बघून त्याच्या जिवात जीव आला. सकाळी सातलाच तो पायरीवर हजर. शहरात आता काय चाललंय, लिफ्टमध्ये बसल्यावर पोटात गोळा येतो का, मुलगी काय शिकली, तुम्ही घरी भांडून आलात का? भांडलो नाही, असं मास्तरांनी सांगितलं की विचारायचा, "नक्की ना?"

तो फेरीवर गेला की मात्र सगळं शांत व्हायचं, आणि ती शांतता मास्तरांना आणखी जड जायची. ओली लाकडं पेटता पेटत नसत, नुसता धूर करत. अकरा पात्यांपैकी एकही पातं कामाला आलं नाही. एकानं अंगठा तेवढा कापला. माकडांनी साबण पळवला. दोराला कपडे वाळत घालता आले, ही एक जमेची बाजू. पाचव्या दिवसापासून मास्तर गाडीच्या वेळी थांब्यावर जाऊन उभे राहू लागले. ड्रायव्हरनं विचारलं तर म्हणत, "वेळेवर येते का ते बघतोय." खरं म्हणजे ते उतरणारी माणसं बघत होते. उतरायचं कुणीच नाही.

अकराव्या दिवशी बायको उतरली. पायात कॅनव्हासचे बूट, हातात पिशवी, पिशवीत गोळ्या. मास्तरांनी चेहरा होता होईल तितका कोरडा ठेवला. त्यांचं सगळं ठरलं होतं. ती म्हणेल, घरी चला. आपण दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाली की तिच्या शब्दाखातर निघायचं.

तिनं झोपडी आतून पाहिली, पायरीवर बसली आणि समोर बघत राहिली. समोर उतार होता, त्याखाली झाडांचे शेंडे, आणि त्यांच्याही पलीकडे डोंगरांच्या एकामागे एक रांगा.

"बरं आहे की," ती म्हणाली.

"त्रास खूप आहे," मास्तर घाईनं म्हणाले.

"किती लांबचं दिसतं हो इथून!"

मग तिनं उठून लाकडांची ओली साल सोलली आणि चूल एका काडीत पेटवली. उकडलेले बटाटे खाऊन ती जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी नऊला उठली. वनरक्षकानं तिलाही प्रश्न विचारले. पण तीच त्याला उलट विचारू लागली. हे घरटं कुणाचं, हा आवाज कशाचा, ती पायवाट कुठं जाते? दुपारपर्यंत तो बिचारा उत्तरं देऊन दमला आणि काम आहे म्हणून सटकला. दोन दिवसांत "घरी चला" हे शब्द काही तिच्या तोंडून आले नाहीत.

गाडीच्या दिवशी मास्तर बॅग भरून तयार होते.

"बॅग कशाला?" बायकोनं विचारलं.

"तुला एकटीला कसं पाठवू? घरापर्यंत सोडतो."

"पण मी कुठं चाललेय?"

थांब्यावर हॉर्न वाजला. मास्तरांनी बॅगेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मग मीच जरा घरचं बघून येतो."

"या की," ती म्हणाली. "टोपी राहू दे इथं. मला ऊन लागतं."

मास्तर घरी आले ते आलेच. बायकोला वनखात्याच्या रोपवाटिकेत काम मिळालं. रोपांवरच्या फाटलेल्या सावलीच्या जाळ्या शिवायच्या आणि वहीत घरट्यांची नोंद ठेवायची. महिना-दीड महिन्यानं ती चार दिवस यायची, घर आवरून परत जायची. भांडण नाही, तंटा नाही. लोकांना मात्र एवढंच ठाऊक होतं, की मास्तर जंगलात राहून आले. हळूहळू तेरा दिवसांचे तेरा आठवडे झाले. हे मास्तरांनी केलं नाही. त्यांनी फक्त दुरुस्त केलं नाही.

एका वाचनालयानं 'मी आणि अरण्य' या विषयावर त्यांचं भाषण ठेवलं. बायको तेव्हा डोळे तपासायला आली होती. ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मास्तर एकांतावर बोलले, मौनावर बोलले, साध्या जगण्यावर तर फारच सुंदर बोलले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "जंगलात सर्वांत अवघड काय गेलं?"

मास्तरांचं उत्तर पाठ होतं. पण मागच्या रांगेतून ती मान तिरकी करून अशी काही उत्सुकतेनं बघत होती, की ते विसरले.

"कुणीतरी आपल्याला न्यायला येईल, याची वाट बघणं," ते म्हणाले.

लोकांना यात काहीतरी खोल वाटलं. टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर बायकोनं पायात बूट चढवले. मग म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंत. मी म्हटलं असतं."

"काय?"

"घरी चला म्हणून."

"आणि मग तू आली असतीस?"

तिनं थोडा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला निघताना बरं वाटलं असतं."

मास्तरांनी तिच्या हातातली चष्म्याची पिशवी घेतली आणि दोघं रस्ता ओलांडायला उभी राहिली.