मामाजींच्या मालकीची बँक

सासूबाई गेल्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझे सासरे नरखेडजवळच्या गावाहून आमच्या नागपूरच्या घरी राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. संत्र्याची बाग त्यांनी पुतण्याला करायला दिली होती. रस्ता रुंद करायला सरकारने बागेच्या कडेची पट्टी घेतली, तिचा मोबदला त्यांच्या खात्यात नुसता पडून होता. तेही आमच्याकडे जवळजवळ तसेच पडून होते. सकाळी सातपर्यंत त्यांचं सगळं आवरलेलं असे आणि त्यानंतर दिवसभर करायला काही नसे. नवरा उमरेडला नोकरीला, मी कॉलेजच्या ग्रंथालयात. संध्याकाळी मी परत आले की ते फाटकाशी उभे असत आणि गल्लीतून दिवसभरात कोण कोण गेलं ते सांगत. त्यात कुत्रीही असत.

मोबदल्याचे पैसे म्युच्युअल फंडात टाकायची कल्पना माझी. मी स्वतः काही वर्षं दरमहा थोडे पैसे एका फंडात टाकत होते. मोठ्या, पण अजून वाढत असलेल्या कंपन्यांचे शेअर घेणारा तो फंड होता. मी ते मामाजींना समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मोठ्या झाल्या, अन् अजून वाढूनच राहिल्या?"

"हो, मामाजी."

"संत्र्याचं झाड पयले पाच-सहा वर्षं वाढते. मंग फक्त देते. वीस वर्षांचं झाड देणं सोडून वाढूनच राहिलं असन तं त्याले काहीतरी बिमारी हाय."

"कंपनी म्हणजे झाड नाही ना पण."

"मंग काय असते?"

ग्रंथालयात वीस वर्षं काढलेली मी दुसऱ्या दिवशी त्यावर पुस्तक शोधत बसले. शेवटी ते तयार झाले ते बहुतेक माझं मन मोडू नये म्हणून.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: तुमची गुंतवणूक एका महिन्यात खूप घसरली तर तुम्ही काय कराल? खाली चार पर्याय. सगळं विकीन, थोडं विकीन, थांबेन, आणखी घेईन. मामाजी म्हणाले, "जाऊन पाहीन."

"असा पर्यायच नाही."

"मंग त्या लोकायले सांग टाकाले. माणूस पयले जाऊन पाह्यते, मंग ठरवते."

मी 'थांबेन'वर खूण केली. मग ओळख पटवायचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावरच्या मुलीने पॅन कार्ड बघितलं, नाव विचारलं आणि हिंदीत म्हणाली, "सर, कैमरे में देखकर पलकें झपकाइए." मी मामाजींना सांगितलं, डोळे मिचकवा. ते खुर्चीत ताठ झाले.

"परक्या पोरीले डोया मारू? या वयात?"

"तसं नाही हो. तुम्ही खरे आहात, फोटो नाही, हे मशीनला कळायला पाहिजे."

"मी बोलून राहिलो ना तिच्यासंग. फोटो बोलते का?"

मुलगी वाट पाहत होती. मामाजींनी टोपी सरळ केली, देवापुढे करतात तसे हात जोडले आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. इतका वेळ मिटून ठेवले की तीच म्हणाली, "हो गया सर, अब खोल लीजिए." पैसे टाकून झाले. मला वाटलं, काम संपलं.

फंडाकडे कोणकोणत्या कंपन्या आहेत त्याची यादी दर महिन्याला निघते. मामाजींनी ती मागितली. मी कॉलेजातून छापून आणली, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती लॅमिनेट करून आणली. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ती माझ्याकडून पूर्ण वाचून घेतली आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारला, "हे कुठं हाय?" रंगाची कंपनी, साबणाची, औषधांची, मोटारसायकलींची. मला काही सांगता आलं, काही नाही. यादीत सगळ्यात वर एक बँक होती. "हिची शाखा तर आपल्या चौकातच आहे," मी सहज बोलून गेले.

आधी घरातला साबण बदलला. मग टूथपेस्ट. न्हाणीघरात माझी नेहमीची ट्यूब दिसली की ते ती खिडकीत बाजूला ठेवून देत, पाहुण्याची चप्पल ठेवावी तशी. मला खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवरचं नाव त्यांनी यादीशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "ही आपली नाही. पण घे आता, खोकला जास्त हाय तुले."

आणि रोज सकाळी दहा वाजता, पांढरा नेहरू शर्ट, टोपी, खिशातून वर डोकावणारी ती यादी, असे ते चौकातल्या बँकेत जाऊन बसू लागले.

हे मला जवळजवळ दोन महिन्यांनी कळलं. ते फोन उचलत नव्हते, म्हणून मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून शोधत निघाले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बँकेत असतीन ना. रोज तं तिथंच जातात." मी धावतपळत गेले. ही शाखा मला चांगली माहीत होती. माझं खातं तिथे होतं. तीन खिडक्यांपैकी एकच उघडी, पासबुकाचं मशीन बंद आणि पाण्याच्या कूलरवर कोणाचा तरी डबा ठेवलेला, असं तिचं रूप. त्या दिवशी तिन्ही खिडक्यांवर माणसं होती. मशीन चालू होतं. कूलरजवळ धुतलेले ग्लास पालथे घातलेले. आणि पंख्याखालच्या बाकावर मामाजी बसले होते, हातात कपबशी. कागदी कप नाही, कपबशी.

"ये वं, बस," ते म्हणाले. "पाह्य, आता कशी नीट चालून राहिली."

माझ्यासाठीही चहा आला. तेवढ्यात केबिनमधून मॅनेजर स्वतः बाहेर आले. पन्नाशीचे, घामेजलेले, नम्र. "मॅडम, आपण साहेबांच्या..."

"सून."

"वा वा. काही काम होतं का?"

माझ्या खात्यावर वारसाचं नाव चुकीचं पडलं होतं. ते दुरुस्त करायला मी वर्षभर खेटे घालत होते. दहा मिनिटांत ते दुरुस्त झालं. कागद हातात देताना मॅनेजरांनी आवाज खाली आणून विचारलं, "साहेबांचा रिपोर्ट साधारण कधी जातो?"

मी सगळं समजले. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण हातात दुरुस्त झालेला कागद होता. "ते मला काही सांगत नाहीत," मी म्हणाले.

वाटेत मी मामाजींना विचारलं, की तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत? ते म्हणाले, "काहीच नाही. पयल्या दिवशी गार्डनं विचारलं, काका, काय काम हाय? म्या म्हटलं, काम नाही गा, आपलीच बँक हाय, कशी चालते ते पाहून राहिलो. यादी दाखवली त्याले. तो आत गेला. मंग मॅनेजर आला अन् म्हणे, काही सूचना असन तं सांगा. म्या सांगतल्या."

"मामाजी, तुमचा हिस्सा किती, माहीत आहे का? एवढ्या मोठ्या बँकेत तुमच्या वाट्याला त्या बाकाचा एक खिळासुद्धा येणार नाही."

"मंग त्या खियावरच बसतो," ते म्हणाले आणि हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मग ते गंभीर झाले. "घरी बसून काय पाहू वं? तिथं माणसं येतात-जातात."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, चालू दे, कोणाचं नुकसान होऊन राहिलं? पुढे बाजार एकदा चांगलाच आपटला. माझ्या मोबाइलवर सगळे आकडे लाल झाले, मला दोन दिवस जेवण गेलं नाही आणि मी माझा महिन्याचा हप्ता गुपचूप बंद करून टाकला. मामाजींना भीत भीत सांगितलं. ते उठले, टोपी घातली, बँकेत जाऊन आले. "लाइन तेवढीच हाय," म्हणाले आणि जेवायला बसले.

दिवाळी झाली आणि नवी यादी आली. मी वाचायला लागले तर सगळ्यात वरचं नाव वेगळंच होतं. दोनदा खालपर्यंत पाहिलं. बँक कुठेच नव्हती.

"विकली," मी म्हणाले. "फंडाच्या मॅनेजरने सगळे शेअर विकले."

मामाजी म्हणाले, "फोन लाव."

मी फंडाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चार वेळा बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलू लागली. मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई, ते बँक काहून विकली?"

"सर, तो फंड मॅनेजरचा निर्णय असतो."

"त्यानं शाखा पाह्यली का?"

"सर?"

"चौकातली. पाह्यली का येऊन? पासबुकाचं मशीन दुरुस्त झालं, त्याले मालूम हाय का?"

"सर, मी तुमची तक्रार नोंदवते."

फोन ठेवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच संदेश आला: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. मी तो वाचून दाखवला. मामाजींनी बाहेर चौकाच्या दिशेने पाहिलं, जणू काही तिकडे फरक पडला असेल.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, की आता त्या लोकांना सांगून निघालं पाहिजे. संबंध संपला तर न सांगता येणं बंद करणं बरं नाही. बागेतून आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी आली होती, ती त्यांनी रिक्षात ठेवली. मी रजा टाकून सोबत गेले, कारण मला धास्ती वाटत होती.

मॅनेजर बाहेर आले. मामाजींनी पेटी त्यांच्या पायाशी ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, उद्यापासून मी येत नाही. आपला संबंध संपला."

"बदली झाली का सर?" मॅनेजरांच्या आवाजात दुःख होतं, पण चेहरा उजळला होता.

"माही नाही. वरच्यायनं विकून टाकली."

"काय विकलं?"

"बँक."

टायपिंगचा आवाज थांबला. मॅनेजरांनी भिंतीला हात टेकला. "पूर्ण?"

"पूर्ण. यादीत नावच नाही."

रांगेतल्या एका बाईने पिशवी छातीशी धरली आणि मोठ्याने विचारलं, "काय? बँक विकली? मंग माही एफडी?" मागचा माणूस पुढे सरकला. गार्डने का कोण जाणे, शटरकडे धाव घेतली. तेव्हा मात्र मला बोलावंच लागलं. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं, की हे माझे सासरे आहेत, नरखेडचे शेतकरी आहेत, यांनी एका फंडात पैसे टाकले आहेत, त्या फंडाने या बँकेचे शेअर विकले, बँक आहे तिथेच आहे.

मॅनेजरांनी मामाजींच्या खिशातली यादी मागून घेतली, चष्मा लावून वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"म्हणजे तुम्ही हेड ऑफिसचे नाही?"

"नाही जी. म्या कधी म्हटलं?"

मॅनेजर आठवायचा प्रयत्न करत असावेत. खरंच, मामाजी तसं कधीच म्हणाले नव्हते. मग तिसऱ्या खिडकीतली कॅशियर बाई हसायला लागली. तिला थांबवता येईना. हसता हसता ती म्हणाली, "काका, तुम्ही येतच राहा. नाही तं ह्या खिडक्या पुन्हा बंद होतीन." मॅनेजरांनी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग खाली वाकून एक संत्रं उचललं आणि तिथेच उभ्या उभ्या सोलायला लागले.

मामाजी त्यानंतर गेले नाहीत. दुसऱ्याच्या वावरात जाऊन बसू का, म्हणत. पंधरा दिवसांनी एका रविवारी मॅनेजर आमच्या घरी आले, स्कूटरवरून, साध्या शर्टात. पाणी घेतलं. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, की काउंटरवरून इतकी वर्षं लोकांना असे फंड विकले, वरून टार्गेट येतं म्हणून, पण यादी कधी वाचली नव्हती. बायकोच्या नावाने त्यांचेही पैसे एकात होते. कोणत्या कंपन्यांत, ते त्यांना त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघावंसं वाटलं. त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

ओट्यावर दोघं शेजारी बसले. एक नाव मॅनेजर वाचत, मामाजी विचारत, "हे कुठं हाय?" दोघांच्या याद्यांत एक कंपनी सारखी निघाली, मोठ्या हॉटेलांची. तिचं एक हॉटेल वर्धा रोडला आहे. मी चहा टाकेपर्यंत मामाजींची टोपी घालून झाली होती.

"पाहून येतो," ते म्हणाले. मागे बसून त्यांनी मॅनेजरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर गल्लीच्या वळणावरून गेली.

दोन तासांनी परत आले ते खुशीत होते. आत झुंबर आहे, संगमरवर आहे, दारावरचा माणूस सलाम करतो. चहाचा भाव वाचून दोघं उठले होते आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन आले होते.

"मग? कशी आहे कंपनी?" मी विचारलं.

"कंपनी बेस्ट हाय," मामाजी म्हणाले. "फक्त आपुन तिथं गिऱ्हाईक नाही व्हायचं."