रंगरावांची बिनधक्क्याची फियाट

नारळ फोडायचा मान मला दिला, ही मुळात रंगरावांचीच चूक. पण फोडलं ते मी भलतंच.

पुढच्या चाकाजवळ त्यांनी चांगला चपटा दगड मांडला होता. त्याला हळदकुंकू लावलं होतं. नारळ कुठे आपटायचा हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकत नाही. पण गल्लीतली दहा-बारा माणसं मोबाइल रोखून उभी होती, आणि निवृत्त शिक्षकाला इतके प्रेक्षक वारंवार मिळत नाहीत. मी आवेशात हात उचलला, डोळे मिटले आणि हाणला. धप्प असा आवाज झाला. डोळे उघडून पाहतो तर नारळ शाबूत. फियाटच्या डाव्या मडगार्डला मात्र मूठ आत जाईल एवढं भगदाड.

त्यातून पांढरी भुकटी गळायला लागली.

"हे काय गळून राह्यलं?" सत्यभामाबाईंनी, म्हणजे रंगरावांच्या बायकोनं, विचारलं.

"पुट्टी."

"मंग पत्रा कुठी हाय?"

"होता ना," रंगराव म्हणाले, "शहाऐंशी साली होता."

चिखलीत आमच्या घराच्या पोर्चला लागूनच रंगरावांचं घर. गावाबाहेर चार एकरांत वांगी, मिरच्या, आणि बाजाराच्या रस्त्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करायचं छोटं दुकान. वय बासष्ट. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर पाहुणा आल्यासारखा आनंद पसरतो. माझ्या घरातलं घड्याळ, मिक्सर आणि आयुष्यभर न कुरकुरलेली एक खुर्ची त्यांनी दुरुस्त केलेली आहे. खुर्ची तेव्हापासून कुरकुरते.

ही फियाट एका डॉक्टरांची. डॉक्टर गाव सोडून गेले, गाडी एका गोठ्यात राहिली आणि तीत कोंबड्या राहू लागल्या. रंगरावांनी ती आणली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत म्हणजे एकोणीस दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. अशा माणसाला कंजूष म्हणवत नाही. पण गाडीसाठी नवं काही विकत घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. नियम कसला, परिस्थिती होती. त्यांनी तिला नियमाचा मान दिला होता एवढंच.

मजुरी वांग्यांत. डेंटर प्रज्वल, वेल्डिंगवाला, टायरवाला, सगळे वांग्यांवर राबले. त्या हिवाळ्यात तिघांच्याही घरी दुसरी भाजी शिजली नाही. मडगार्डावर पत्र्याच्या जागी पुट्टी का आली, याचंही उत्तर तिथंच आहे. "काका, पत्रा मारतो," प्रज्वल म्हणाला होता, "पण आता मिरच्या द्या. वांगं पाह्यलं का बायको माहेरी जायची भाषा करते." मिरच्या काही मिळाल्या नाहीत.

सुधारणा मात्र रंगरावांनी स्वतः केल्या. गाडी जुनी असली तरी सोयी आजच्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पुढचे दिवे मोटरसायकलचे. सीटचे पट्टे भंगारातल्या व्हॅनचे. ते लावायला सोपे आणि काढायला पाना लागायचा. मागच्या सीटसमोर छोटा कूलर, त्याला खरा वाळा. त्याला ते एसी म्हणत. मागे बसणाऱ्याचा पुढचा अर्धा भाग मसुरीत असायचा आणि पाठीमागचा अर्धा चिखलीत. आणि मुकुटमणी म्हणजे डिकीत बसवलेला बॅटरीवरचा फवारणी पंप. त्याची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे रेडिएटरपर्यंत नेलेली. इंजिन तापलं की स्टिअरिंगजवळचं बटण दाबायचं, रेडिएटरवर तुषार.

"मिरचीवर मारतो तसंच," ते म्हणाले. "फक्त औषध नाही टाकत."

हे सगळं दोन वर्षं घरामागच्या टिनाच्या शेडखाली चाललं होतं, आणि भांडण होतं ते शेडचं. सत्यभामाबाईंच्या कुरडया, पापड, शेवयांना मेहकरापर्यंत गिऱ्हाईक. वाळवण गच्चीवर व्हायचं, पण ठेवायला जागा नाही. शेवयांचे डबे रंगरावांच्या पलंगाखाली गेले, मग पलंगावर गेले, आणि रंगराव ओसरीत आले. शेवटी बाईंनी अट घातली.

"तुमची गाडी शेगावले जाऊन वापस आणून दाखवा. एकदाबी धक्का न मारता. आली, तर शेड तिचं. रस्त्यात एक धक्का जरी मारा लागला, तर त्याच दिवशी भंगारवाल्याले फोन."

"कबूल," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र जरा खाली आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना गाडी हातची जाऊ शकते, असं वाटलं असावं.

"आन् सर येतीन संगं. सर खोटं बोलत नाहीत."

असा मी पंच झालो. सोमवारी निघायचं ठरलं होतं. नारळानं ते गुरुवारवर ढकललं, कारण प्रज्वलची पुट्टी वाळायला तीन दिवस लागले. आणि इथंच माझ्या नारळानं दुसरी खोडी काढली. सत्यभामाबाईंनी कुरडयांसाठी पायलीभर गहू भिजत घातला होता, तो वाटायचा दिवस नेमका गुरुवार. भिजलेला गहू माणसासारखा थांबत नाही. वेळ टळली की आंबतो.

"दोनच्या आत घरी," बाई म्हणाल्या.

जाताना गाडी इतकी झकास पळाली की मलाच संशय आला. खामगावकडे सगळा उतार. रंगराव एका हातानं स्टिअरिंग धरून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यांना दुसरा हात दाखवत होते. शेगावात दर्शन झालं, प्रसाद झाला. पार्किंगमध्ये दोन तरुणांनी गाडीसोबत फोटो काढले, आणि रंगरावांनी त्यांना कूलर चालू करून दाखवला. सत्यभामाबाईंनीसुद्धा पदर नीट करून मडगार्डाला टेकून एक फोटो काढून घेतला. उजव्या मडगार्डाला. डाव्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

वापस येताना तोच उतार चढ झाला.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर काटा लाल झाला. रंगरावांनी बटण दाबलं. तुषार उडाले. तिसऱ्या वळणावर बोनेटमधून भाताच्या भांड्यासारखी वाफ यायला लागली, आणि गाडी थांबली.

"बंद पडली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"बंद नाही पडली. थांबवली मी."

मी उतरून मागच्या चाकाखाली एक दगड सरकवला. हँडब्रेक होता, पण तो ओढला की नुसताच वर येऊन आपल्या हातात विसावायचा. अर्धा तास रंगराव पंप चालू ठेवून रेडिएटर निववत बसले. इंजिन निवालं. पाणी भरलं. किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. तेवढंही नाही. पंपानं आणि कूलरनं मिळून बॅटरी पिऊन टाकली होती.

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. बंद पडलेली गाडी दिसली की माणसं विचारत बसत नाहीत, थेट हात लावतात. एक काळीपिवळी जीप थांबली. तीतून सात जण बाह्या सरसावत उतरले.

"चला काका, बसा आत. मारतो धक्का."

रंगराव डिकीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "गाडीले हात लावायचा नाही! खबरदार!"

सातही जण दचकून मागे झाले. "काऊन बे, काही स्फोटक हाय का आत?" एकानं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बायको आहे."

तेवढ्यात घरून बनाबाईचा फोन आला. कुरडयांच्या कामाला येणारी ही शेजारीण, तिचा आवाज जीपवाल्यांनाही ऐकू गेला. "भामाबाई, गव्हाले बुडबुडे येऊन राह्यले! वासबी सुटला! कधी येता?"

सत्यभामाबाई गाडीतून उतरल्या. "मारू द्या त्याह्यले धक्का."

"मंग अट वापस घेतली?" रंगरावांचे डोळे चमकले.

"अट अटीच्या जागी. पहिले धक्का मारा, मंग भंगारवाल्याले फोन लावा."

रंगराव गाडीला पाठ टेकून उभे राहिले. इतका उदास फवारणीवाला मी पाहिला नव्हता. मग त्यांची नजर रस्त्यावरून खाली गेली, आणि तोंडावर तो पाहुणा आल्याचा आनंद उमटला.

"उतार!" ते म्हणाले. "गाडी मांगं सोडतो. रिव्हर्स गेर टाकून क्लच सोडला का होते चालू. धक्का कोणीच नाही मारला. उतार देवाचा."

बाईंनी क्षणभर विचार केला. न्यायबुद्धी त्यांच्यात पक्की. "उताराचं मी काही बोलली नव्हती."

रंगराव आत बसले. जीपवाले कठड्यावर रांगेनं बसले. आता एकच काम उरलं होतं: दगड काढायचं. ते माझ्याकडे.

"काढा सर!"

मी ओढला. दगड हलेना, गाडीचा सगळा भार त्याच्यावर. लाथ मारली, बूट फाटला. "काढा ना सर, गहू आंबून राह्यला!" रंगराव ओरडले. मी बाजूनं गाडीच्या दाराच्या खांबाला खांदा लावला, छाती फुगवली आणि रेटलं. जन्मात केला नसेल असा पराक्रम झाला. गाडी चार बोटं पुढे सरकली. पायानं दगड उडवला, बाजूला उडी मारली, आणि फियाट माझ्या नाकासमोरून मागे गेली. एक हिसका, काळा धूर, आणि इंजिन सुरू. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. कूलर बंद, पंप बंद, आम्ही घाट चढलो.

अमडापूर मागे पडलं. मग मागून सत्यभामाबाईंचा आवाज आला.

"सर, तुम्ही गाडीले खांदा काऊन लावला होता?"

"दगड काढायला."

"गाडी सरकली?"

"सरकली असेल."

"किती?"

"चार बोटं."

"त्याले काय म्हणतात सर?"

आरशात रंगरावांचे डोळे मला दिसत होते. ओसरीत दोन वर्षं झोपलेल्या माणसाचे डोळे. पण मी एकतीस वर्षं सातवीच्या पोरांना बल शिकवलं आहे. ओढणं कशाला म्हणतात, ढकलणं कशाला म्हणतात, फळ्यावर चित्र काढून. त्यातली निम्मी पोरं अजून गावात आहेत.

"धक्का," मी म्हणालो.

रंगरावांनी आरसा वळवून घेतला.

दोनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. गहू वाचला. बाई थेट पाट्याकडे गेल्या. जाता जाता दारात थांबल्या, गाडीकडे वळून पाहिलं, आणि माझ्या मते त्या थोड्या विरघळल्या.

"भंगारवाल्याले नाही बोलावत," त्या म्हणाल्या. "शेगाव दाखवलं तिनं. पण शेड उद्या सकाळी रिकामं पाह्यजे. डबे येतीन तिथी."

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो. रंगराव ओल्या फडक्यानं बोनेट पुसत होते, एकेक इंच, निरोप द्यावा तसं. गावात कुठं सावलीची जागा नाही, उघड्यावर ठेवली तर पुट्टी पहिल्याच पावसात वाहून जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रंगराव," मी म्हणालो, "फार वाईट वाटतं हो. आता गाडी ठेवणार कुठं?"

त्यांनी मान वर केली नाही. फडकं पिळलं आणि म्हणाले, "धक्का तुम्ही मारला ना सर, मंग तुमच्याच पोर्चमधी."