आतल्या खोलीतला अर्चनाचा आवाज

इथले गूढ अनुभव मी आजवर फक्त टवाळी करायला वाचत आले. कॉम्प्युटरवर रसायनशास्त्र करणारी बाई मी... आकडा जुळला नाही तर स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. तरी लिहितेय, कारण हे पोटात ठेवून आता राहवत नाही.

गाव कुरुंदा, जिल्हा हिंगोली. मी पुण्यात पीएच.डी. करते. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारा पदार्थ आधी कॉम्प्युटरवर घडवून बघायचा, हे माझं काम. अडचण अशी, की धूर ओला असतो आणि पदार्थाच्या बारीक छिद्रांत पाणीच आधी जागा पटकावतं. मी घडवलेल्या रेणूत पाणी शिरत नव्हतं. वर्षानुवर्षं डोकं फोडल्यावर एकदाचं जमलं होतं! त्यावरचा पेपर माझ्या नावावर छापून आला की प्रबंध मार्गी लागणार होता. नाहीतर सगळं पहिल्यापासून.

अर्चना माझी लॅबमधली मैत्रीण, कनेरगाव नाक्याची. एकाच जिल्ह्याच्या म्हणून पहिल्या दिवसापासून एका डब्यात जेवलो. दर सुट्टीत ती आमच्या घरी. आई तिला "माझं धाकटं लेकरू" म्हणायची. त्या उन्हाळ्यात बाबांचं ऑपरेशन झालं, हळद शिजवायची राहिलेली, म्हणून मी गावी आले. गावात नेट धड चालत नाही, तेव्हा माझी शेवटची गणितं लॅबमधून अर्चनाच लावायची. पासवर्ड मीच दिलेला. आमच्यात तुझं-माझं नव्हतंच.

त्या दिवशी भर दुपारी लाईट गेलेली. पंखा बंद, टीव्ही बंद, माझा फोन चार्जिंगवाचून मेलेला. आई आणि मी ओसरीत बसून हळदीचे गड्डे वेगळे करत होतो. आणि आतल्या खोलीतून अर्चना बोलली... स्वच्छ, तिच्या नेहमीच्या घाईत —

"सर, तिच्या जागी माझंच नाव टाका. ती गावी हळद शिजवत बसलीय, तिला काय कळतंय?"

मी गारच पडले. आई मात्र हात झटकून उठली. "अर्चना आली व्हय गं? कवा आली? काहून आत बसून राहिली? थांब, चहा टाकते."

आईला शब्द कळले नव्हते, पण आवाज तिनं ओळखला होता. मी आत धावले. खोलीत पोती, कपाट, बाकी कोणी नाही. मागच्या दाराला आतून कडी.

"आई, कोणीच न्हाई गं."

"असं कसं? बराबर तिचाच आवाज हुता." आई फणकारली, "चहा बी न घेता गेली, बघ."

काही आठवड्यांनी पेपर आला. रेणू माझा, आकडे माझे. नावं अर्चनाचं आणि आमच्या गाईड सरांचं. माझं नाव आभारांतसुद्धा नाही.

पुण्याला जाऊन तिला कँटीनमागे गाठलं आणि ते वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडावर म्हणून दाखवलं. तिचा चेहरा पार उतरला.

"सरांनी तुला मेसेज दाखवला?"

"कसला मेसेज? तू बोललीस. मी ऐकलं."

"अगं, मी बोललेच न्हाई! सगळे जेवायला गेलते. एकटी बसून टाइप केलं मी सरांना. आईची शपथ, तोंडातून शब्द काढला न्हाई."

माफी मागितली का? नाही. "आता तू कोणाकोणाला सांगणार?" एवढंच विचारत राहिली.

मनाचे खेळ म्हणाल, तर मग आईनं काय ऐकलं? जे कोणी उच्चारलंच नाही, ते आमच्या घरात कसं ऐकू आलं, हे मला आजही कळलेलं नाही. खरं सांगू? मी आता शोधतही नाही. कळायचंच होतं, तर दुसऱ्या कोणाच्याही आवाजात कळायला हवं होतं. तो आवाज घरात आला की मला बरं वाटायचं हो...