घोट्यावरचा पट्टा

कुडव्याहून मोटरसायकलने यायचा तो इंजिनिअर जरा लंगडायचा. धावपटूंच्या पायाला बांधायचे सेन्सरचे पट्टे बनवणं हा त्याचा धंदा. आता आमच्या धानाच्या बांधीत वाढणाऱ्या सारस पक्ष्याच्या पिलासाठी तसाच पट्टा बनवत होता; पिलू उडून कुठं जातं ते त्यावरून मोबाईलवर दिसणार होतं. तो पट्टा आधी स्वतःच्या घोट्याला बांधून चिखल तुडवायचा.

"काऊन लंगडून राहिला रे बाबू?" मी विचारलं.

"खेळाडूले रुतलं तर तो सांगते, मावशी. सारस कोणाले सांगन?"

बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायचाच नाही, पायांकडे बघायचा. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला माझ्या घरच्यांच्या आधी त्याला दिसला.

पट्टा बांधायच्या दिवशी वनखात्याचे साहेबलोक जमले. पिलू धरलं तसे नर-मादी बांधावरून ओरडायला लागले. यानं पट्टा बांधला, आत बोट घालून पाहिलं आणि सोडून घेतला.

"रुतन," म्हणाला. साहेब चिडले. मी त्याला जेवायला वाढलं.

पुढच्या हंगामात हलका पट्टा आणून त्यानं नव्या पिलाला बांधला. धान कापताना ते पिलू उडालं. सगळे मोबाईलवरचा ठिपका बघत होते. हा मात्र बांधावर बसून वर, सारसाच्या पायांकडे बघत होता, आणि हातानं स्वतःचाच घोटा चोळत होता.